साथीविना जॉनी कॅश : एका अल्बमवरचा वाद

जॉनी कॅशचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा अल्बम 26 एप्रिल 1994 रोजी बाजारात आला, तेव्हा तो 62 वर्षांचा होता. तेरा गाणी, एक गिटार आणि खर्जातला एक आवाज. ड्रम नाहीत, बास नाही, मागे कोरसही नाही. तीस वर्षं उलटली तरी या अल्बमवरून श्रोत्यांमध्ये दोन तट आहेत. एका तटाला तो कॅशचा पुनर्जन्म वाटतो. सगळा डामडौल उतरवल्यावर इथे खरा माणूस पहिल्यांदा ऐकू आला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या तटाच्या मते हा एका हुशार निर्मात्यानं रचलेला देखावा आहे आणि कंट्री संगीतातल्या एका खेळकर, ठेकेबाज गायकाला त्यात जिवंतपणीच पुतळा करून टाकलं आहे. खालच्या संवादात दुसऱ्या तटाची बाजू आक्षेपक मांडतो आणि उत्तर मी देतो. पण पहिल्या तटाची वकिली मला करायची नाही. माझं म्हणणं वेगळं आहे : या अल्बमची थोरवी निवडीत आहे. एकट्या आवाजाला पेलतील, किंबहुना एकट्या आवाजातच खुलतील, अशी गाणी इथे वेचून घेतली आहेत, आणि जिथे निवड फसली तिथे साधेपणा काही कामी आलेला नाही.

आक्षेपक : निवडीचं नंतर पाहू, आधी बाजाराचं बोला. 1986 मध्ये कोलंबिया कंपनीनं कॅशला नारळ दिला. 1958 पासूनचं नातं होतं ते. पुढे मर्क्युरी कंपनीकडे काढलेले अल्बमही फारसे कुणी विचारले नाहीत. अशा वेळी त्याला भेटतो रिक रुबिन. हा माणूस कोण, तर ‘डेफ जॅम’ ही रेकॉर्ड कंपनी उभी करणारा, बीस्टी बॉईज आणि स्लेअरसारख्यांचा निर्माता. कंट्रीशी याचा सुतराम संबंध नाही. त्यानं अचूक हेरलं की तरुण रॉक श्रोत्यांना एक काळाकभिन्न, पापपुण्याचं बोलणारा म्हातारा हवा आहे. मुखपृष्ठ आठवा : लांब काळा कोट, वर भरून आलेलं आभाळ, पायाशी दोन कुत्री आणि माथ्यावर ‘कॅश’ ही भलीमोठी अक्षरं. त्यात तो काळच ‘अनप्लग्ड’चा. एमटीव्हीचा तो कार्यक्रम 1989 पासून चालू होता आणि एरिक क्लॅप्टनच्या 1992 च्या ‘अनप्लग्ड’नं ग्रॅमी लुटून नेले होते. साधेपणालाच भाव आला होता, तो रुबिननं विकला. तुम्ही ज्याला निवड म्हणता, तिला मी हंगाम साधणं म्हणतो.

लेखक : हंगाम होता, रुबिन हुशार होता आणि मुखपृष्ठ मुद्दाम घडवलेलं होतं, हे सगळं कबूल. पण त्यावरून गाण्यांचा निकाल लागत नाही. आधी क्रम तपासा. केवळ आवाज आणि गिटार घेऊन अल्बम करायचा, ही इच्छा कॅशची, आणि रुबिन भेटण्याच्या कित्येक वर्षं आधीची. त्यानं त्याला नावसुद्धा योजलं होतं : ‘लेट अँड अलोन’. रुबिननं कल्पना आणली नाही, त्यानं नकार दिला नाही इतकंच. आणि ज्या माणसाला दोन कंपन्यांत कुणी विचारत नव्हतं, त्याच्यासाठी एवढंही पुष्कळ होतं. दुसरं, लॉस एंजेलिसमधल्या रुबिनच्या दिवाणखान्यात आणि टेनेसीतल्या हेंडरसनव्हिलला कॅशच्या झोपडीवजा लाकडी घरात जी गाणी मुद्रित झाली, ती अल्बममध्ये घेतलेल्या तेरांपेक्षा किती तरी जास्त होती. बँड घेऊनही प्रयोग झाले. ते ऐकून, तोलून बाजूला ठेवले गेले. साधेपणा ठरवून विकायचा असता तर एवढी खटपट कशाला? आणि बाजाराचंच म्हणाल तर हा अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत 110 च्या वर चढला नाही, कंट्रीच्या यादीत 23 वर थांबला. कंट्री रेडिओनं त्याकडे पाठ फिरवली. 1995 मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही कंट्रीचं नाही, समकालीन लोकसंगीताचं. ‘अनप्लग्ड’शी तुलनाही तितकीशी जमत नाही. क्लॅप्टनच्या मैफलीत वीज काढली होती, बँड जागच्या जागी होता. इथे बँडच नाही. विजेचं वाद्य बाजूला ठेवणं वेगळं आणि साथीदाराला घरी पाठवणं वेगळं.

आक्षेपक : साथीदाराला घरी पाठवणं, हेच तर माझं दुखणं! कॅशच्या गाण्यात साथ म्हणजे वरून लावलेली झालर नव्हे. 1955 मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या सन रेकॉर्ड्समध्ये तो आला तेव्हा बरोबर दोघंच होते, लूथर पर्किन्सची गिटार आणि मार्शल ग्रँटचा बास. ड्रमवाला नव्हता. मग ‘आय वॉक द लाइन’च्या वेळी कॅशनं काय केलं? आपल्या गिटारच्या तारांमध्ये कागदाची घडी सरकवली आणि तारा छेडल्या, की स्नेअर ड्रमसारखी कोरडी खसखस उठावी. हा माणूस ठेक्यासाठी इतका आसुसलेला होता. आगगाडीच्या चाकांसारखी ती धावती चाल म्हणजे निम्मा कॅश. 1968 चं फॉल्सम तुरुंगातलं रेकॉर्डिंग ऐका. कैदी आरोळ्या ठोकताहेत, बँड सुसाट सुटलाय, मध्येच कॅशचा मिश्कील शेरा. त्या माणसाचा ठेका काढून घ्यायचा, त्याला खुर्चीत बसवायचं, मृत्यू आणि पश्चात्तापाची गाणी हातात द्यायची आणि म्हणायचं, हा पाहा खरा कॅश! अहो, खरा कॅश हसायचा, थट्टा करायचा. रॉकवाल्यांना हवा तेवढाच त्यांनी उचलला आणि ज्या कंट्री श्रोत्यांनी चार दशकं त्याला सांभाळलं, त्यांच्या हाती राहिला तो परका म्हातारा.

लेखक : तुमचा कागदाच्या घडीचा दाखला मीही देतो, पण वेगळ्या कारणासाठी. त्यातून दिसतं ते असं, की कॅशची सुरुवातच तुटपुंज्या साथीवर झाली होती आणि उणीव भरून काढण्यासाठी तो हातातल्या गिटारीलाच कामाला लावत असे. 1994 मध्ये तो हेच करतो. दुसरं गाणं ऐका, ‘लेट द ट्रेन ब्लो द व्हिसल’. कॅशचं स्वतःचं, आगगाडीचं. ड्रम नसताना ठेका कुठून येतो? उजव्या हातातून. गिटारवादन काही कसबी नाही, पण अंगठ्याखाली मंद्रातल्या तारा आणि वरच्या तारांवरचा फटका यांतून गाडी चालू राहते. ठेका गेलेला नाही, तो गायकाच्याच हातात आला आहे, म्हणून गायकाचा श्वास लांबला की गाडीही किंचित थांबते. बँडला हे जमत नाही, कारण बँडला सगळ्यांना धरून चालावं लागतं. आणि काय गायलं यापेक्षा काय गायलं नाही तेही मोजा. ‘आय वॉक द लाइन’ इथे नाही, ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ नाही, ‘रिंग ऑफ फायर’ नाही. म्हातारपणी जुनी गाजलेली गाणी संथ करून, गिटारवर पुन्हा म्हणणं हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि विक्रीच्या दृष्टीनं सर्वांत भरवशाचा. तो टाळला. ज्या गाण्यांचा प्राण त्या धावत्या ठेक्यात होता त्यांना हातच लावला नाही. तुम्ही म्हणता निम्मा कॅश ठेक्यात होता. गाणी वेचणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी उरलेल्या निम्म्यासाठी वेगळी गाणी शोधली.

आक्षेपक : वेगळी कुठली? पहिलंच गाणं ‘डेलियाज गॉन’ त्यानं 1962 मध्येच ‘द साउंड ऑफ जॉनी कॅश’ या अल्बममध्ये गायलेलं आहे. फरक इतकाच की आता शब्द अधिक क्रूर केले. आणि ही डेलिया कविकल्पना नाही. डेलिया ग्रीन ही जॉर्जियातल्या सव्हाना गावची चौदा वर्षांची मुलगी, 1900 सालच्या नाताळात तिचा खून झाला. त्या मुलीच्या मरणाचं गाणं अल्बमच्या तोंडाशी लावायचं, खुनी पुरुषाच्या तोंडून रंगवून सांगायचं आणि मॉडेल केट मॉसला घेऊन त्याचा व्हिडिओ काढायचा, याला अंतर्मुखता म्हणावं की सनसनाटी? साथ काढल्यामुळे तर क्रौर्य अधिकच जवळ येतं, कानात कुजबुजल्यासारखं. ज्या साधेपणाचं तुम्ही कौतुक करता, तो इथे खुन्याला लळा लावायला वापरला आहे.

लेखक : हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला घाईनं उत्तर देणार नाही. दोन्ही रेकॉर्डिंग्ज शेजारी शेजारी ठेवू. 1962 मध्ये बँड आहे, म्हणून गाणं मुळात एक जुनं लोकगीत राहतं, चालीवर मान हलवत ऐकून सोडून देण्यासारखं. श्रोता आणि खून यांच्यामध्ये संगीताचं कुंपण असतं. 1994 मध्ये ते कुंपण पडतं. एक माणूस सरळ आवाजात, जराही रंगून न जाता आपण काय केलं ते सांगतो आणि मग तुरुंगात डेलिया त्याला झोपू देत नाही हेही सांगतो. तुम्ही याला लळा म्हणता, मला ते जबानीसारखं वाटतं. मान हलवायला ठेकाच नसल्यामुळे श्रोत्याला पळवाट उरत नाही. शब्द क्रूर केले हे खरं, पण क्रौर्य अंगावर येतं ते चाल गोड नसल्यामुळे. जुन्या आवृत्तीत खून गोड चालीत पचून जात होता. ते जास्त निरुपद्रवी होतं का? मला तसं वाटत नाही. तरीही तुमच्या आक्षेपातला एक भाग उरतोच. त्या मुलीला या गाण्यात बोलायला जागा नाही. हा खूनगीतांच्या सबंध प्रकाराचा दोष आहे आणि साथ काढल्यानं तो भरून येत नाही, उलट अधिक उघडा पडतो. व्हिडिओचा बचाव मी करणार नाही. पण गाणं अल्बममध्ये एकटं नाही. त्यानंतर ‘द बीस्ट इन मी’ येतं, आतल्या जनावराला आवरणाऱ्या माणसाचं. नंतर टॉम वेट्सनं दिलेलं ‘डाउन देअर बाय द ट्रेन’, ज्यात लिंकनच्या मारेकऱ्यालाही क्षमेच्या गाडीत जागा आहे. मग ‘रिडेम्प्शन’ आणि मग लढाईतून वाचलेल्याचं ‘लाइक अ सोल्जर’. गुन्ह्यापासून निघून क्षमेपर्यंत नेणारा हा क्रम आहे. तो क्रम वाद्यांनी नाही, एकाच आवाजानं बांधून ठेवला आहे : खुनी, सैनिक, पापी, भक्त हे सगळे एकाच कंठातून बोलतात, म्हणून ते एकच माणूस असावेत असा संशय येत राहतो. पाच वेगवेगळ्या बँडच्या साथीनं हीच गाणी गायली असती, तर त्या पाच वेगळ्या गोष्टी झाल्या असत्या.

आक्षेपक : कंठाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट विचारतो. लोक या अल्बमवर भाळतात ते गाण्यावर की म्हातारपणावर? थरथरता आवाज, तुटलेला श्वास, आजारपण, हे ऐकून डोळे ओले होतात आणि आपण त्यालाच कलेचा आनंद समजतो. गायकाचा आवाज गेला की त्याला ‘सच्चा’ म्हणायचं, ही सहानुभूती झाली, रसिकता नाही.

लेखक : तत्त्व म्हणून तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण इथे लोकांच्या मनात दोन अल्बम एकमेकांत मिसळले आहेत आणि तुमचा आक्षेप त्यांतल्या चुकीच्या अल्बमवर गेला. थरथरता आवाज 1994 चा नाही. ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’मधला आवाज भक्कम आहे, खाली खर्जात उतरतो तेव्हाही जमीन सोडत नाही. मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान 1997 मध्ये झालं आणि श्वासाची ओढाताण त्यानंतरच्या रेकॉर्डिंग्जमध्ये ऐकू येऊ लागते. लोकांना जे आठवतं ते 2002 च्या ‘द मॅन कम्स अराउंड’मधलं ‘हर्ट’, ट्रेंट रेझ्नरचं गाणं, आणि त्याहून अधिक मार्क रोमानेकनं केलेला त्याचा व्हिडिओ, ज्यात कॅशचं ओस पडलेलं संग्रहालय दिसतं आणि मागे उभी त्याची पत्नी जून कार्टर. जून मे 2003 मध्ये गेली, कॅश 12 सप्टेंबर 2003 रोजी. हे सगळं माहीत असताना कोरड्या कानानं ऐकणं अवघड, हे मान्य. पण ‘हर्ट’ नीट ऐका. ते बिनसाथीचं गाणं मुळीच नाही. पियानो आहे, इतर वाद्यं आहेत, आणि शेवटी आवाजाची पातळी इतकी चढत जाते की शब्द त्या गदारोळातून वाट काढत येतात. म्हणजे साधेपणाची कीर्ती ज्या गाण्याला चिकटली आहे ते साधं नाही आणि जो अल्बम खरोखर साधा आहे त्यातला आवाज थकलेला नाही. 1994 मध्ये साथ सोडली ती आवाजात ताकद होती म्हणून. पुढे साथ परत आली, कारण आवाजाला आधार हवा होता. 2006 च्या ‘अ हंड्रेड हायवेज’मध्ये तर कॅश गेल्यानंतर त्याच्या आवाजाभोवती वाद्यं भरली गेली. तो अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. सहानुभूतीचा तुमचा मुद्दा तिथे लावा, मी अडवणार नाही.

आक्षेपक : बरं, 1994 पुरतंच बोलू. गायक-गीतकार म्हणून त्याचं नाव. पण तेरा गाण्यांत त्याची स्वतःची नवी गाणी चार. बाकी निक लोव, क्रिस क्रिस्टोफरसन, लेनर्ड कोहेन, ग्लेन डँझिग, टॉम वेट्स, लाउडन वेनराइट. यादीवर नजर टाकली की कळतं, कुणाला खूश करायचं होतं ते. उलट 1993 च्या सुरुवातीला, रुबिनबरोबरचं काम सुरू होण्यापूर्वी, नॅशव्हिलमध्ये कॅशनं फक्त स्वतःची गाणी मुद्रित करून ठेवली होती. 2024 मध्ये ती ‘साँगरायटर’ या नावानं आली. त्याचा मुलगा जॉन कार्टर कॅश आणि डेव्हिड फर्ग्युसन यांनी त्याचा जुना आवाज आणि गिटार एवढंच ठेवलं आणि भोवती नवा बँड बसवला. ‘ड्राइव्ह ऑन’ आणि ‘लाइक अ सोल्जर’ ही दोन्ही गाणी त्यात आहेत. घरच्या माणसाला जर साथ हवीशी वाटली, तर परक्यानं ती नको म्हटलेली खरी का मानायची?

लेखक : दुसऱ्यांची गाणी गाणं ही कॅशची चाळिशीपूर्वीचीच सवय. ‘रिंग ऑफ फायर’ जून कार्टर आणि मर्ल किलगोर यांचं, ‘अ बॉय नेम्ड सू’ शेल सिल्व्हरस्टीनचं, ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’ क्रिस्टोफरसनचं. त्याची प्रतिभा लिहिण्याइतकीच गाणं आपलंसं करण्यात होती. शिवाय निक लोव हा काही रॉकच्या बाजारातून आणलेला पाहुणा नव्हे, तो एके काळचा घरचा जावई, जूनच्या मुलीचा नवरा. पण ‘साँगरायटर’चा दाखला तुम्ही काढलात हे फार चांगलं झालं, कारण या वादात इतका नेमका पुरावा दुसरा नाही. गायक तोच, गाणी तीच, वय जवळजवळ तेच. फरक केवळ साथीचा. ‘ड्राइव्ह ऑन’ व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाचं आहे. जे झालं ते झालं, पुढे चला, असं बजावत जगणारा माणूस. बँडच्या आवृत्तीत ते ‘पुढे चला’ ठेकाच म्हणून दाखवतो आणि श्रोत्याला वाटतं, हा माणूस सावरला. एकट्या गिटारवर तेच शब्द म्हटले की त्यांच्यामागे कुणी नसतं. स्वतःला दिलेला तो धीर पुरा पडत नाही हे कळतं. इथे साथ नसण्यानं गाण्याचा अर्थच बदलला, आणि माझ्या मते गाणं मोठं झालं. ‘लाइक अ सोल्जर’चं मात्र उलट. ‘साँगरायटर’मध्ये त्याच्या जोडीला वेलन जेनिंग्जचा आवाज आहे. साठच्या दशकात दोघं नॅशव्हिलला एकाच घरात राहिले, दोघांनी गोळ्यांच्या व्यसनाचे दिवस काढले, पुढे ‘हायवेमेन’ या गायकगटात एकत्र गायले. वाचलेल्या सैनिकाच्या गाण्यात दुसरा वाचलेला येऊन सूर मिसळतो, तेव्हा गाण्याला जे मिळतं ते एकट्या आवाजाला देता येत नाही. तिथे मी साथीच्या बाजूनं कौल देतो. आणि ‘रिडेम्प्शन’बद्दल म्हणाल, तर त्यातली गिटार एकाच जागी घोटाळते, रक्ताची प्रतिमा कडव्यामागून कडवं ताणली जाते आणि तिला सावरायला आसपास काहीच नाही. साधेपणा आपोआप गुण असता तर ते गाणंही उत्तम झालं असतं.

आक्षेपक : म्हणजे तुम्ही अर्धा खटला माझ्या बाजूनं निकालात काढलात! मग उरलेलंही ऐका. दिवाणखान्यातल्या एकांताचा एवढा गवगवा, पण दोन गाणी वेस्ट हॉलिवूडमधल्या ‘व्हायपर रूम’ या क्लबात, लोकांसमोर मुद्रित केलेली. ‘टेनेसी स्टड’मध्ये आरोळ्या ऐकू येतात, शेवटच्या ‘द मॅन हू कुडंट क्राय’मध्ये हशा आणि टाळ्या. एकांताचा भंग खुद्द अल्बमच करतो. आणि पुढे काय झालं? म्हातारा गायक घ्या, एक निर्माता आणा, वाद्यं काढा, आवाज माइकजवळ ओढा, की झाला ‘उत्तरायुष्यातला ठेवा’. रुबिननंच 2005 मध्ये नील डायमंडला घेऊन ‘ट्वेल्व्ह साँग्ज’ केला. 2010 मध्ये टॉम जोन्सनं ‘प्रेझ अँड ब्लेम’मध्ये तीच वाट धरली. ज्याचा साचा निघतो त्याला कला म्हणावी का?

लेखक : क्लबातली दोन गाणी तर माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत. अल्बमला एकांताचा देखावा करायचा असता तर तो हशा पुसून टाकणं सोपं होतं. तो ठेवला, आणि शेवटच्या गाण्यात ठेवला. ते गाणं म्हणजे रडू न येणाऱ्या माणसाची उपहासकथा. त्याच्यावर एकामागून एक संकटं कोसळतात, श्रोते हसतात, आणि शेवटी तो रडतो तो इतका की त्यातच मरतो. पापक्षमेच्या गंभीर प्रवासानंतर अल्बम संपतो तो या चावट गाण्यावर. खरा कॅश हसायचा, असं तुम्ही मघाशी म्हणालात. तो इथे हसतोच आहे, आणि बँड नसताना हसवतो आहे. शब्दांची फेक आणि थांबण्याची जागा एवढ्याच भांडवलावर. ज्यांनी हा अल्बम सुतकी ठरवला, त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकलेला नाही. साच्याचं म्हणाल, तर नक्कल करणाऱ्यांच्या हाती वाद्यं काढण्याची युक्ती सहज लागते, कारण ती दिसते. कुठलं गाणं कुणाच्या तोंडी शोभेल, काय टाळायचं, कुठे हशा ठेवायचा, ही निवड दिसत नाही, म्हणून तिची नक्कल होत नाही. कॅशच्याच कारकिर्दीत याचा पडताळा आहे. ‘माय मदर्स हिम बुक’ हा भजनांचा अल्बम, आवाज आणि गिटार एवढाच, ‘अनअर्थ्ड’ या संचातून 2003 मध्ये, त्याच्या निधनानंतर आला. आपल्या सर्व अल्बममध्ये तो आपला सर्वांत आवडता, असं त्यानं स्वतः म्हटलं होतं. तिथे ना काळा कोट, ना केट मॉस, ना रॉकमधल्या मित्रांची यादी. आईच्या पुस्तकातली गाणी आहेत आणि ती एकट्यानंच म्हणायची आहेत. बाजाराचा मुद्दा तिथे गैरलागू होतो आणि गाणी तरीही तग धरतात, कारण ती मुळात बिनसाथीनं म्हणण्याचीच होती.

वाद इथे थांबवून माझा निकाल लिहितो. कॅशच्या या अल्बमला ‘सत्य’ म्हणून पूजणारे आणि ‘बनाव’ म्हणून हिणवणारे, दोघंही एकाच समजुतीवर उभे आहेत : साथ म्हणजे पांघरूण आणि ते काढलं की खाली काही तरी मूळचं सापडतं. एकाला ते सापडलं, दुसऱ्याला सापडलं नाही, एवढाच फरक. पण साथ काढणं हीसुद्धा एक रचना आहे, बँड बसवण्याइतकीच विचारपूर्वक केलेली, आणि तिची परीक्षा गाण्यागणिक व्हायला हवी. त्या परीक्षेत ‘डेलियाज गॉन’, ‘ड्राइव्ह ऑन’, ‘द बीस्ट इन मी’ आणि शेवटची उपहासकथा यांना एकट्या आवाजावाचून पर्याय नव्हता. ‘लाइक अ सोल्जर’ला सोबत मिळाली तर ते अधिक उजळतं. ‘रिडेम्प्शन’ तर कशानंच सावरलं नसतं. तेरांपैकी बहुतेक गाणी पहिल्या गटात बसतात, म्हणून मी या अल्बमला थोर म्हणतो. आवाज थकला होता म्हणून नाही, दिवाणखान्यात गायलं म्हणूनही नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी दोन आवृत्त्यांमधलं ‘ड्राइव्ह ऑन’ एकामागून एक ऐकावं, आधी 2024 च्या ‘साँगरायटर’मधलं आणि मग 1994 चं. कॅशचं चरित्र, आजार, ‘हर्ट’चा व्हिडिओ, सगळं तेवढा वेळ बाजूला ठेवावं. त्यानंतरही बँडची आवृत्ती सरस वाटली, तर ते मत मला मान्य आहे. ते निदान गाणं ऐकून बनवलेलं असेल.